तपकिरी डोळ्यांच्या माश्या

मुलीचा फोन आला तेव्हा माशीकाकांच्या समोर दीडशे माश्या बेशुद्ध पडल्या होत्या. ईथरचा वास दिला की त्या चार-पाच मिनिटं निपचित राहतात आणि तेवढ्या वेळात मऊ कुंचल्याने त्यांच्या राशी पाडायच्या असतात. लाल डोळ्यांच्या डावीकडे, तपकिरी डोळ्यांच्या उजवीकडे. माशी म्हणजे पिकल्या फळावर घोंघावते ती, तिळाएवढी. तिचा डोळा केवढा असेल ते ज्याचं त्याने समजावं. काकांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले आणि कुंचला चालूच ठेवला.

“बाबा, कामात आहात?”

“बोल. पण आटप, माझी मंडळी उठतील.”

“शाळेत मुलांचे डोळे तपासले. आपल्या बाळाला लाल-हिरवा कळत नाही म्हणतात. रंगांधळा आहे तो, बाबा.”

कुंचला थांबला.

“सासूबाईंचं सकाळपासून एकच चाललंय. आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही, खाण तशी माती. मला पाचव्या महिन्यात ताप आला होता ना, त्या गोळ्या घेतल्या होत्या मी. त्यानंच झालं असेल का हो?”

“गोळ्यांनी नाही होत असलं काही.”

“तुम्हाला काय माहीत? तुमच्या त्या ताईंना विचारा ना. आईबापाचं पोरांत काय उतरतं तेच शिकवतात ना त्या?” मुलीचा आवाज जड झाला होता. सकाळपासून दोनदा तरी रडून झालं असावं, हे बापाला ऐकूनच कळलं.

“विचारतो,” काका म्हणाले.

तेवढ्यात सूक्ष्मदर्शकाखालच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावरची एक माशी पाय झाडून उठली, मग तिची शेजारीण उठली, आणि झाकण सापडेपर्यंत निम्मी रास खिडकीच्या काचेवर जाऊन बसली. तेहतीस वर्षांत काकांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना माशी शिंकली ती अशी.

माशीकाका हे नाव संशोधन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि काका ते एखाद्या पदवीसारखं मिरवत. कुणी विचारलं, काय करता, की म्हणत, “पगार घेऊन माश्या मारतो.” खरं तर ते माश्या जगवत. तीनशे चाळीस वाणांच्या माश्या, प्रत्येक वाणाची वेगळी बाटली, तोंडाला कापसाचं बूच. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना नव्या बाटलीत, नव्या खाण्यावर हलवायचं. एक खेप चुकली की तो वाण संपला. खाणंही तेच शिजवत: मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट, तळाला लागू न देता ढवळलेलं. काही वाण तर काकांच्या जन्माच्या आधीपासून बाटल्यांत पिढ्या काढत होते. माशीची एक पिढी दहा-बारा दिवसांची. माणसाच्या घराण्यात जे बघायला तीन हयाती घालवाव्या लागतात ते माशीच्या घराण्यात महिन्याभरात दिसतं, म्हणून तर हा सारा खटाटोप. कुणाचा संकर कुणाशी लावायचा ते मोठी माणसं ठरवत. पिलावळीत लाल डोळे किती, पांढरे किती, ते मोजून वहीत लिहीत ते काका. मोजणीच्या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत.

आणि या माणसाला लाल आणि तपकिरी यांतला फरक दिसत नव्हता.

नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी झाली होती. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात लपलेले आकडे वाचायचे होते. रांगेतल्या पुढच्या माणसाचा आवाज खणखणीत होता, काकांची स्मरणशक्ती चांगली होती, आणि डॉक्टरांना जेवायला जायचं होतं. काम बाटल्या धुण्याचं. बाटल्या धुवायला रंग कशाला लागतात, अशी काकांनी मनाची समजूत घातली. दोन वर्षांनी तेव्हाच्या प्रमुखांनी, मोठ्या सरांनी, त्यांचा स्थिर हात हेरला आणि धुण्याच्या ब्रशाऐवजी कुंचला हातात दिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण घरी बायकोला सातवा महिना लागला होता, आणि बाटल्या धुणाऱ्याला कायम करत नसत.

मग त्यांनी आपली युक्ती शोधली. पांढरा डोळा आंधळ्यालाही कळेल. शेंदरी डोळा चकाकतो, काळपट डोळा चकाकत नाही. रंग सोडून बाकी सगळं ते बघत: उजेड, छटा, तुकतुकी. सर पहिली सहा-सात वर्षं त्यांची प्रत्येक रास पुन्हा तपासत आणि चूक सापडत नसे. पुढे तपासणं थांबलं. तपकिरी डोळ्यांचा वाण आला तो अकरा वर्षांपूर्वी, सर निवृत्त झाल्यावर. ते डोळे काकांना जरा मळकट वाटत. मळकट दिसली की उजवीकडे, आणि शंका आली तर लाल. कारण चारांतल्या तीन लालच असतात, हे त्यांना पाठ होतं.

दुपारी काका ताईंच्या खोलीत गेले. ताई म्हणजे इथल्या प्राध्यापिका. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत, पण त्या इथे विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा माशी नर की मादी हे त्यांना काकांनी शिकवलं होतं, त्यामुळे काकांचं ताईच राहिलं.

“गोळ्यांचा काही संबंध नाही,” सगळं ऐकून ताई म्हणाल्या. “मुलीला सांगा, आधी ते डोक्यातून काढ. आणि तिच्या नवऱ्याचाही संबंध नाही. मुलग्याला एक्स गुणसूत्र येतं ते आईकडूनच. हा दोष त्याच गुणसूत्रावर असतो.”

“म्हणजे विहीणबाई बरोबर.”

“अर्ध्याच. बसा, काढूनच दाखवते.” त्यांनी पेन्सिल घेतली. पोरासाठी एक चौकोन काढला आणि तो भरून टाकला. वर आईसाठी एक वर्तुळ, आणि वर्तुळात नुसता ठिपका. “ही वाहक. हिच्याकडे दोन एक्स, एक बिघडलेला, एक चांगला. चांगला काम उरकतो म्हणून हिला स्वतःला काही होत नाही. आता हिच्याकडे कुठून आलं? वडील म्हणजे तुम्ही. तुम्हाला आहे का?” विचारतानाच त्यांना हसू आलं.

“नाही,” काका म्हणाले.

“नसणारच. तुम्ही रंगांधळे असता तर इथला धंदाच बसला असता. मग आजीकडून आलं.” त्यांनी वरच्या ओळीत काकांचा चौकोन कोरा ठेवला आणि शेजारी बायकोचं वर्तुळ काढलं. त्यात ठिपका दिला. “काकू जाऊन किती वर्षं झाली?”

“चार.”

गेलेल्या माणसाच्या चिन्हावर तिरकी रेघ मारतात. ताईंनी ती मारली आणि कागद काकांच्या हातात दिला.

काका खाणं शिजवायला गेले. मोठ्या पातेल्यात पीठ ढवळताना त्यांना तो ठिपका दिसत राहिला. त्यांच्या बायकोला सगळे रंग दिसत होते. नुसते दिसत नव्हते, ती ते काकांसाठी वेगळे काढून ठेवत होती. लग्नानंतर आठवड्याभरात तिने हिरवा धागा मागितला आणि काकांनी तपकिरी आणून दिला, तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून कपाटात शर्ट-पँटच्या जोड्या लावलेल्या असत. टोमॅटो पिकलाय की नाही ते ती सांगायची, तेही चारचौघांत कुणाला कळणार नाही अशा बेताने. आणि आता तिच्या वर्तुळात ठिपका.

त्यांना खोटं पचत नव्हतं, आणि त्याचं कारण नुसतं प्रेम नव्हतं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. पांढऱ्या डोळ्यांचा नर शुद्ध लाल वाणाच्या मादीबरोबर ठेवला तर त्याच्या सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या निपजतात. बाटली बघून वाटावं, पांढरा गेला कुठे. त्या मुलींना पोरं झाली की त्यांच्या मुलग्यांत निम्मे परत पांढऱ्या डोळ्यांचे. जावई कुणीही असो. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांसाठी हा संकर काकाच लावत. नातू जन्मला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी हाच हिशेब केला होता: निम्मे. पोराने पाचव्या वर्षी तपकिरी गवत रंगवलं तेव्हाही त्यांनी चित्राचं कौतुक करून विषय बदलला. आता मुलगी गोळ्यांना दोष देत बसली होती. खरं सांगावं तर तिची सुटका होत होती, पण तेहतीस वर्षांच्या वह्यांवर पाणी पडत होतं. बाटल्यांतल्या माश्या मेल्या की नव्या आणता येतात. वह्यांचं तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ताईंच्याही आधी येऊन दाराशी उभे राहिले. ताईंनी कुलूप काढलं, तसा त्यांनी कालचा कागद टेबलावर ठेवला.

“काकूचा ठिपका खोडा,” ते म्हणाले. “माझा चौकोन भरा.”

ताईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या खुर्चीत बसल्या.

“कधीपासून?”

“जन्मापासून.”

“आणि मोजणी?”

“छटेवरून करतो. चूक सापडली नव्हती सरांना. पण तपकिरी त्यांनी कधी तपासलं नाही. म्हणून आलोय. माझी परीक्षा घ्या, ताई. मला कळू दे.”

परीक्षा तासभर चालली. ताईंनी स्वतः मोजून, माश्या मिसळून, नळ्यांवर नुसते क्रमांक टाकून दिल्या. पांढऱ्यात एक चूक नाही. शेंदरीत नाही, काळपटातही नाही. शेवटच्या नळीत लाल आणि तपकिरी होत्या. काकांनी नेहमीच्या सवयीने राशी पाडल्या, शंका आली तिथे लाल म्हटलं, आणि मागे सरकले. ताईंनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“साठ तपकिरी घातल्या होत्या मी. तुम्ही एक्केचाळीस काढल्यात.”

काकांनी कुंचला पुसून बाजूला ठेवला.

“काका, चारांत एक तपकिरी यायला हवी. शंभरांत पंचवीस. तुमच्या वह्यांत कायम सतरा यायच्या.” ताईंचा आवाज सपाट होता. “बाकीच्या कुठे जातात म्हणून मी तीन वर्षं घालवली. तपकिरी अळ्या नाजूक असतात, वयात यायच्या आत मरतात, असं मी लिहिलं. माझा प्रबंध आहे तो, मासिकात छापूनही आलाय. बाहेर भिंतीवर तक्ता लावलाय त्याचा.”

“माहीत आहे. मीच खिळा ठोकला होता.”

त्या उठून गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्या माश्यांच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. काकांनी बाटल्या बदलल्या, खाणं शिजवलं. कुंचल्याला त्यांनी हात लावला नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची पुन्हा लाज वाटत होती.

त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मुलीकडे गेले. दारातच त्यांनी सांगितलं, चपला काढायच्या आधी.

“तुम्हाला?” मुलगी म्हणाली. “आईला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं. बाळ झालं तेव्हा तरी.” तिचे डोळे भरून आले. “तीन दिवस मी त्या गोळ्यांची नावं शोधत बसलेय, बाबा.”

“चुकलं माझं. घाबरलो होतो.”

“म्हणजे शेवटी माझ्याकडूनच गेलं ना त्याच्याकडे?”

“टपाल तू पोचवलंस. पत्र माझं होतं.”

यावर तिला एकदम हसू आलं आणि मग ती मनसोक्त रडली. आत विहीणबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकू येत असून ऐकू येत नसल्यासारख्या. काका त्यांच्यासमोर जाऊन स्टुलावर बसले.

“विहीणबाई, खाण मी आहे. बोलायचं ते मला बोला.”

विहीणबाईंनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. “तुम्ही तर एवढी वर्षं नोकरी केलीत नीट,” त्या म्हणाल्या. “मग त्याचं तरी काय अडणार आहे.” आणि चहा टाकायला उठल्या. माफी मागायची त्यांची ती रीत असावी.

तिसऱ्या दिवशी ताई आल्या. तोंड अजून उतरलेलंच होतं, पण हातात नव्या नळ्या होत्या. “संकर लावा नव्याने,” त्या म्हणाल्या. “मोजायला मी बसेन.” पहिली पिढी दहा-बारा दिवसांत बाहेर आली, सगळी लाल, त्यांची पिलं व्हायला आणखी तेवढेच. मग ताईंनी दोन सकाळी बसून चारशे माश्या मोजल्या. काका शेजारी उभे राहून वहीत लिहीत होते. सत्त्याण्णव तपकिरी निघाल्या.

“मरत नव्हत्याच त्या,” ताई म्हणाल्या. “ठणठणीत होत्या. इतकी वर्षं मी वर्गात शिकवतेय, नाजूक म्हणून.” त्यांनी मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विद्यार्थिनी असताना यायचं तसं कुतूहल आलं, बाटलीत अनपेक्षित काही दिसलं की. “पण काका, शेंदरी एकही चुकत नाही तुमची. माझ्या दोन-तीन चुकतात. तुम्ही बघता काय नेमकं? दाखवा मला.”

काकांनी दाखवलं. दिवा कसा तिरका करायचा, माशी कुशीवर कशी वळवायची, डोळ्याच्या कडेला तुकतुकी कुठे धरते. ताईंनी अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी त्यांना एकदा दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं.

“मासिकाला दुरुस्ती पाठवतेय मी,” जाताना त्या म्हणाल्या. “मोजणीत चूक होती, निष्कर्ष मागे घेत आहोत, असं.”

“त्यात माझं नाव घाला. मोजणी माझी होती.”

ताई घुटमळल्या. “काका, मूळ लेखात तुमचं नाव नव्हतंच. मदतनिसांची घालत नाहीत.”

“मग आता घाला,” काका म्हणाले.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी तपकिरीच्या वह्या काढल्या. दोनशे बारा पानं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहायचं होतं: या पानावरचे आकडे वापरू नयेत. ताई म्हणाल्या, शिक्का बनवून घेऊ, एखादा विद्यार्थी मारेल. काका नको म्हणाले. शनिवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मुलीने नातवाला त्यांच्याबरोबर धाडलं. नऊ वर्षांचं पोर. त्याला रंगांपेक्षा माश्या झोपतात कशा याचंच कुतूहल अधिक होतं. काका लिहीत आणि सही करत होते. ताईंनी पोराला उंच स्टुलावर बसवलं, एक नळी ईथरने झोपवली आणि त्याच्यासाठी दोन राशी करून ठेवल्या.

“डावीकडच्या लाल, उजवीकडच्या तपकिरी,” त्या म्हणाल्या. “बघ दिसतंय का काही वेगळं.”

पोराने एक डोळा मिटून बघितलं. मग दुसरा मिटून बघितलं. मग काही चुकलं की काय अशा चेहऱ्याने आजोबांकडे वळलं.

“आजोबा, दोन्ही सारख्याच आहेत.”

काकांनी पेन खाली ठेवलं. ते उठले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन छोट्या राशी, सगळ्यांचे पाय वर, सगळ्यांचे डोळे एकाच रंगाचे. या दोन राशींसमोर अकरा वर्षं त्यांनी फरक शोधला होता, आणि शेजारी बसून हे असं म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. ताई मागे उभ्या होत्या. काकांनी त्यांना ऐकू जाईल असं, सावकाश सांगितलं.

“हो रे,” ते म्हणाले. “सारख्याच आहेत.”

पोराला हायसं वाटलं. ते पुन्हा वाकून बघायला लागलं, कारण एक माशी पाय हलवत होती.